दुसरं इंजिन बसवताय? मग आधी एक्सलचं माप घ्या

मारुती ८०० बनवणं कंपनीने २०१४ सालीच थांबवलं. तरीही आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावात उभं राहून बघा, दहा गाड्यांमागे एखादी तरी दिसतेच. स्वस्तात मिळते, कुठलाही मिस्त्री दुरुस्त करतो, आणि अरुंद रस्त्यावर वळायला सोपी. पण पंचवीस-तीस वर्षं पळालेलं इंजिन शेवटी थकतंच. धूर मारतं, चढाला दम खातं. मग कुणीतरी सुचवतं, 'हे इंजिन बांधण्यात पैसे घालू नको. भंगारातून एस्टीमचं तेराशे सीसीचं इंजिन आण आणि बसव. गाडी उडेल!'

मोबाईलवर अशा गाड्यांचे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यात इंजिन साखळीच्या कप्पीने वर जातं, खाली येतं, सेल मारला की सुरू होतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. ते इंजिन चाकाला कसं जोडलं, हे मात्र फार कमी जण दाखवतात. खरी मेख तिथेच असते. इंजिन आणि चाक यांच्या मधे बोटभर जाडीचा पोलादी दांडा असतो. त्याला आपण एक्सल म्हणतो. त्याच्या दोन्ही टोकांना जे सांधे असतात ते सीव्ही जॉइंट. माप चुकलं तर हेच तुटतं किंवा निसटतं. आणि ते गॅरेजमध्ये तुटत नाही. घाटात, खड्ड्यात, घरची माणसं गाडीत बसलेली असताना तुटतं.

या जोडणीचं शास्त्र काय, माप कसं घ्यायचं आणि कायदा काय म्हणतो, हे तिन्ही खाली दिलं आहे. कायद्याचा भाग शेवटी आहे, पण तो वाचल्याशिवाय इंजिनच्या बोल्टला पाना लावू नका.

इंजिन मोठं झालं की एक्सलवर काय येतं?

जुन्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. त्याची ताकद साधारण ३७ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण ६० न्यूटन मीटर. एस्टीमचं १,२९८ सीसीचं चार सिलिंडरचं एमपीएफआय इंजिन साधारण ८५ अश्वशक्ती आणि ११० न्यूटन मीटर टॉर्क देतं. म्हणजे जोर जवळपास दुप्पट.

न्यूटन मीटर हे माप डोळ्यासमोर येत नसेल तर असं समजा. एक मीटर लांबीचा पाना घेतला आणि त्याच्या टोकाला दहा किलोचं वजन टांगलं, की नटावर सुमारे १०० न्यूटन मीटरचा पीळ पडतो.

हा पीळ इंजिनमधून निघतो तसाच चाकाला जात नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तो वाढवतात. समजा पहिल्या गिअरमध्ये साडेतीन पट आणि पुढे डिफरन्शियलमध्ये चार पट वाढ झाली. मग एकूण चौदा पट. ६० चे ८४० होतात, ११० चे १,५४०. हा पीळ दोन चाकांत वाटला जातो. म्हणजे आधी एका एक्सलवर ४२० यायचा, आता ७७० येतो. दांडा तोच, पण त्याला पिळणारा हात जवळपास दुप्पट ताकदीचा.

त्यात आपले रस्ते. चाक खड्ड्यात हवेत फिरतं आणि बाहेर येताना एकदम डांबराला पकडतं, तेव्हा एका झटक्यात याहून जास्त मार एक्सलला बसू शकतो. क्लच झटकन सोडायची सवय असेल तर विचारूच नका.

ट्रॅक्टरच्या शाफ्टवरून समजून घ्या

सीव्ही जॉइंट का लागतो हे ज्याने रोटाव्हेटर चालवलाय त्याला लगेच कळेल. ट्रॅक्टरच्या पीटीओपासून रोटाव्हेटरपर्यंत जो शाफ्ट जातो, त्याला दोन्हीकडे क्रॉस असतात. शाफ्ट सरळ असेल तोवर गुपचूप फिरतो. बांधावर वळताना किंवा रोटाव्हेटर उचलताना कोन वाढला की धडधड सुरू होते. म्हणून जाणता ड्रायव्हर वळताना पीटीओ बंद करतो.

ही धडधड कशाची? क्रॉस जॉइंट कोनात फिरताना वेग एकसारखा पुढे देत नाही. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे देत असेल आणि क्रॉस ३० अंशात वाकलेला असेल, तर पुढच्या तुकड्याचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा साधारण ४६८ पर्यंत उतरतो आणि दोनदा ६२४ पर्यंत चढतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि त्यांचे चिमटे एका रेषेत असले, तर एकाची चूक दुसरा क्रॉस भरून काढतो. वळताना कोन बिघडतात आणि दणके सुरू होतात.

अॅम्बॅसिडर, पद्मिनी, जीप या गाड्यांत इंजिनचा जोर मागच्या चाकांना जातो आणि मागची चाकं वळत नाहीत. म्हणून तिथे क्रॉसवर भागतं. मारुती ८०० मध्ये मात्र पुढचीच चाकं गाडी ओढतात आणि पुढचीच वळतात. वळणावर चाक चांगलंच आडवं होतं. तिथे साधा क्रॉस लावला असता तर प्रत्येक वळणाला स्टिअरिंग हातात थडथडलं असतं. म्हणून अशा सांध्याची गरज पडली, ज्यात कोन कितीही बदलला तरी आत जाणारा आणि बाहेर येणारा वेग सारखाच राहतो. सीव्ही याचा अर्थच 'सारखा वेग'.

फोर्ड कंपनीतले इंजिनिअर आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२० च्या दशकात पोलादी गोळ्यांचा असा सांधा बनवला. १९५९ साली इंग्लंडात आलेल्या मिनी गाडीने त्याच पद्धतीचे सांधे पुढच्या चाकांना लावले. आज आपल्या दारात उभ्या असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत बाहेरचा सांधा त्याच घराण्यातला असतो.

एका एक्सलला दोन वेगळे सांधे

एक्सल काढून जमिनीवर ठेवला की त्याची दोन्ही टोकं सारखी वाटतात. दोन्हीकडे कप, दोन्हीकडे रबरी बूट. पण आतलं काम वेगळं असतं.

चाकाकडचा सांधा: यात सहा पोलादी गोळ्या असतात. आतल्या रेसच्या आणि बाहेरच्या कपाच्या खाचांमध्ये त्या बसतात आणि पिंजरा त्यांना जागेवर धरतो. हा सांधा ४५ अंशांच्या आसपास वाकू शकतो, म्हणून स्टिअरिंग पूर्ण कापलं तरी चाक फिरत राहतं. पण हा लांबीला आत-बाहेर सरकत नाही.

गिअरबॉक्सकडचा सांधा: यात बहुतेक वेळा तीन हातांची चकती असते आणि प्रत्येक हातावर एक रोलर. कपाच्या आत तीन लांब खाचा असतात, त्यात हे रोलर पुढे-मागे सरकतात. हा सांधा कमी वाकतो, साधारण २० ते २५ अंश. पण लांबी कमी-जास्त करण्याचं काम याचंच. चाक खड्ड्यात खाली गेलं किंवा दगडावर वर उचललं की चाक आणि गिअरबॉक्स यांच्यातलं अंतर बदलतं. तो फरक इथे भरून निघतो.

एक सांधा वाकण्यासाठी, दुसरा सरकण्यासाठी, हे ध्यानात ठेवलं की पुढची सगळी जुळणी सोपी जाते.

जुळणीचा मूळ नियम

इंजिन बदललं की बहुतेक वेळा त्याच्याबरोबरचा गिअरबॉक्सही येतो. चाकं, हब, शॉकअप आणि लोअर आर्म मात्र जुन्या गाडीचेच राहतात. मग एक्सल कुणाचा लावायचा? इथेच गोंधळ होतो. नियम साधा आहे: गिअरबॉक्सकडचं टोक गिअरबॉक्सचं, चाकाकडचं टोक चाकाचं.

एस्टीमचा अख्खा एक्सल उचलून मारुती ८०० मध्ये घालता येईल असं समजू नका. ८०० ची रुंदी १,४४० मिलिमीटर, एस्टीमची १,५७५. म्हणजे गाडीच साडेतेरा सेंटीमीटरने जास्त रुंद. तिचे एक्सल अरुंद गाडीत कसे मावतील? उलट ८०० चा अख्खा एक्सल घ्यावा, तर तो नव्या गिअरबॉक्समध्ये बसेलच असंही नाही. बसला तरी तो ३७ अश्वशक्तीच्या हिशेबाने बनवलेला आहे.

म्हणून या चार गोष्टी वर्निअरने मोजून वहीत लिहायच्या. नजरेने 'बसतंय की' म्हणायचं नाही.

पहिली, दात्यांची संख्या. एक्सलच्या टोकावरच्या उभ्या दात्यांना स्प्लाइन म्हणतात. ट्रॅक्टरवाल्याला हे ओळखीचं आहे. ५४० च्या पीटीओला ६ दाते असतात, १,००० च्या एका प्रकाराला २१. दोन्हींची जाडी सारखीच, ३५ मिलिमीटर. तरी एकाचा शाफ्ट दुसऱ्यावर चढत नाही. गाडीतही तसंच. एका दातावर खडूची खूण करा आणि तिथून फिरून परत तिथपर्यंत मोजा. दोनदा मोजा.

दुसरी, दात्यांची जाडी आणि लांबी. संख्या जुळली तरी व्यास वेगळा असू शकतो. व्यास जुळला तरी टोक पुरेसं आत जात नसेल तर सगळा जोर अर्ध्याच दात्यांवर येतो आणि ते सोलून निघतात. थोडं ढिलं बसतंय म्हणून पत्रा घालून चेपणं हा उपाय नाही.

तिसरी, ऑइल सीलची जागा. कपाचा जो गुळगुळीत भाग गिअरबॉक्सच्या सीलमध्ये फिरतो, त्याची जाडी सीलशी जुळली पाहिजे. नाहीतर गिअर ऑइल थेंबथेंब गळतं, कुणाच्या लक्षात येत नाही आणि महिनाभराने गिअरबॉक्स रडायला लागतो. त्याच टोकाला तारेचं छोटं लॉक असतं. ते आत 'टक्' करून बसलं पाहिजे. बसलं की नाही हे बघताना दांडा ओढू नका, कप धरून ओढा. दांडा ओढला तर आतले रोलरच निसटतील.

चौथी, हबची बाजू. हबमधले दाते, बेअरिंगला टेकणारा खांदा आणि शेवटचा मोठा नट. हा नट फक्त एक्सल धरत नाही, बऱ्याच गाड्यांत चाकाचं बेअरिंगही तोच दाबून ठेवतो. तो कंपनीने दिलेल्या मापानेच, टॉर्क पान्याने आवळायचा. हातोडा आणि छिन्नी मारून आवळलेला नट म्हणजे चाक ढिलं होण्याचं आमंत्रण.

एकाच कंपनीच्या जवळच्या मॉडेलांमध्ये कधीकधी मधल्या दांड्याची दोन्ही टोकं जुळतात. मग एका गाडीचा आतला सांधा आणि दुसऱ्या गाडीचा बाहेरचा सांधा एकाच दांड्यावर बसवता येतो. असं जमलं तर सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं. पण एकाच मॉडेलच्या जुन्या आणि नव्या गाड्यांतही फरक असतो. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून माल आणायचा असेल तर नुसतं गाडीचं नाव सांगून मागू नका. मापाची वही आणि जुना तुकडा बरोबर न्या.

लांबी: पाच मिलिमीटरचा खेळ

सगळ्यात जास्त चुका लांबीत होतात. गाडी जॅकवर उचललेली असताना माप घेतलं जातं. तेव्हा चाकं खाली लोंबत असतात. त्या मापाचा एक्सल गाडी जमिनीवर आली की चुकतो.

बरोबर पद्धत अशी. इंजिन आणि गिअरबॉक्स त्यांच्या कायमच्या माउंटिंगवर पूर्ण आवळा. दोरीने टांगलेल्या इंजिनवरून माप नको. हब, लोअर आर्म, शॉकअप सगळं जागेवर लावा. गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी करा आणि दोनदा दाबून सोडा, म्हणजे ती आपल्या नेहमीच्या उंचीला येईल. मग गिअरबॉक्सच्या सीलच्या तोंडापासून हबच्या खांद्यापर्यंत अंतर घ्या.

आता चाकाची दोन टोकं बघायची. स्प्रिंग काढून शॉकअप परत लावा. लोअर आर्मखाली जॅक देऊन चाक पूर्ण वर न्या, अंतर मोजा. मग पूर्ण खाली सोडा, पुन्हा मोजा. दोन्ही वेळा स्टिअरिंग डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण कापून बघा.

उदाहरण घेऊ. समजा गाडी उभी असताना अंतर ६२० मिलिमीटर आलं. चाक खाली लोंबल्यावर ६१२ आणि पूर्ण वर गेल्यावर ६२८. म्हणजे एक्सलला ६१२ ते ६२८ या सगळ्या लांबीत काम करायचं आहे. आता तयार एक्सल हातात घेऊन आतला सांधा पूर्ण दाबला तर लांबी ६०० भरते आणि रोलर खाचेतून सुटू न देता पूर्ण ओढला तर ६४०. मग आतल्या बाजूला १२ आणि बाहेरच्या बाजूला १२ मिलिमीटर मोकळीक उरते. हा एक्सल बसेल.

तोच एक्सल वीस मिलिमीटर लांब असता तर? दाबल्यावर ६२०. चाक लोंबलं की जागा ६१२ चीच उरते. खड्ड्यात चाक खाली गेलं रे गेलं की दांडा गिअरबॉक्सच्या आत हातोड्यासारखा ठोकतो. डिफरन्शियल फुटतं, केसिंगला तडा जातो, हबचं बेअरिंग जातं. वीस मिलिमीटर आखूड असता तर ओढून ६२० च भरतो, पण चाक वर जाताना ६२८ लागतात. रोलर खाचेच्या काठावर येतात आणि एक दिवस बाहेर पडतात. सुटलेला दांडा फिरत फिरत बूट फाडतो आणि शेजारून जाणारा ब्रेकचा पाइपही तोडू शकतो. मग गाडी ओढणंही गेलं आणि ब्रेकही गेला.

दोन्ही टोकांना निदान पाच मिलिमीटर तरी मोकळीक हवीच. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं आणि क्लच सोडताना हलतं, तेही या हिशेबात धरायचं.

डाव्या आणि उजव्या बाजूचं माप वेगवेगळं घ्या. अशा गाडीत गिअरबॉक्स एका अंगाला असतो, म्हणून एक एक्सल लांब आणि एक आखूड असतो. दोन्ही आतले सांधे शक्यतो सारख्या उंचीवर यायला हवेत. एका बाजूचा एक्सल जास्त तिरका राहिला तर रेस देताना गाडी एका अंगाला ओढते. इंजिन बसवतानाच सेंटीमीटरभर सरकवून हे साधता येतं. माउंटिंग वेल्ड झाल्यावर नाही. म्हणून एक्सलचं माप आधी आणि माउंटिंगचं वेल्डिंग नंतर.

गाडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगखाली ठोकळे घालणाऱ्यांनीही हेच ध्यानात घ्यावं. गाडी उंच केली की एक्सलचा कोन कायमचा वाढतो. सांधा तेवढा वाकू शकतो हे खरं, पण सतत वाकून चालला की लवकर झिजतो.

कापून वेल्ड केलेला दांडा नकोच

माप जुळत नाही म्हटल्यावर गावाकडे पहिला उपाय काय निघतो? दोन एक्सल मधे कापायचे, वर पाइप चढवायचा आणि वेल्ड मारायचं. दिसायला मजबूत दिसतं. हा सगळ्यात धोक्याचा मार्ग आहे.

कारण शेतकऱ्याला सांगायला नको. कल्टिव्हेटरचा दात मोडला आणि वेल्ड करून आणला, तर पुढच्या वेळी तो कुठे मोडतो? वेल्डला लागूनच. एक्सलचं पोलाद वरून कडक केलेलं असतं आणि आतून चिवट असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने ती रचना बिघडते. वेल्डशेजारची पट्टी कुठे मऊ, कुठे ठिसूळ होते. दांडा रोज हजारो वेळा इकडून तिकडे पिळला जातो, तिथे केसासारखी चीर पडते आणि ती वाढत जाते. वरून काही दिसत नाही. शिवाय दोन तुकडे एका रेषेत राहत नाहीत, मग गाडी वेगात थरथरते.

मार्ग दोन. एक, वर सांगितल्याप्रमाणे जुळणारे कंपनीचे भाग शोधणं. दोन, नवा दांडा बनवून घेणं. पण तो हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या लोखंडी सळईचा नाही. ईएन १९ किंवा ईएन २४ सारखं मिश्र पोलाद घेतात, दाते मशिनवर पाडतात, मग हीट ट्रीटमेंट करून कडक करतात आणि शेवटी सरळ आहे का ते तपासतात. कोल्हापूरच्या शिरोलीत, पुण्याच्या भोसरी-चाकण पट्ट्यात अशी कामं करणारे कारखाने आहेत. नुसता लेथ असलेल्या दुकानात हे पूर्ण होत नाही.

जाडीचा एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. गोल दांड्याची पीळ सहन करण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. म्हणजे २० ऐवजी २२ मिलिमीटरचा दांडा घेतला तर जाडी दहा टक्केच वाढली, पण ताकद साधारण ३३ टक्क्यांनी वाढली. उलट झिजून किंवा गंजून दांडा थोडाच बारीक झाला तरी ताकद बरीच कमी होते. भंगारातून एक्सल घेताना बूटच्या क्लिपखालची जागा खरवडून बघा. पाणी तिथेच साचतं.

बूट, ग्रीस आणि आवाज

सीव्ही जॉइंट बहुतेक वेळा स्वतःहून मरत नाही, बूट फाटला की मरतो. ग्रीस बाहेर उडतं, माती-पाणी आत जातं आणि त्या चिखलात गोळ्या घासल्या जातात. उसाच्या हंगामात रस्त्यावर आलेला चिखल यासाठी पुरेसा. बूट फाटल्याचं वेळेत दिसलं तर साफ करून नवा बूट आणि ग्रीस घातलं की भागतं. उशीर झाला तर जॉइंटच बदलावा लागतो.

ग्रीस सीव्ही जॉइंटचंच घाला. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं, म्हणून ते काळं दिसतं. बैलगाडीच्या किंवा ट्रॉलीच्या आखाला घालतो ते ग्रीस इथे चालत नाही.

बिघाड आवाजावरून ओळखता येतो. स्टिअरिंग पूर्ण कापून हळू वळताना कटकट आवाज आला तर बाहेरचा सांधा गेला. सरळ रस्त्यावर रेस देताना गाडी थरथरते आणि पाय काढला की शांत होते, तर आतला सांधा बघा. गिअर टाकून क्लच सोडताना 'खट्' होत असेल तर दाते किंवा सांधा ढिला झालाय.

तुटलाच तर काय होतं?

एक बाजूचा एक्सल तुटला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी हलत नाही. डिफरन्शियल सगळी फिरकी तुटलेल्या बाजूला पाठवतं, त्यामुळे दुसरं चाक शाबूत असूनही ओढत नाही. चढावर असाल तर गाडी मागे यायला लागते. उतारावर असाल तर इंजिनचा ब्रेक मिळत नाही. गिअरमध्ये टाकून गाडी उभी करू म्हणाल तर तेही होत नाही.

अशा वेळी ब्रेक दाबून धरा आणि हँडब्रेक ओढा. मारुती ८०० चा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, त्याचा एक्सलशी संबंध नाही. मग चाकामागे दगड लावा आणि आधी माणसं उतरवा. जुन्या गाड्यांमध्ये हँडब्रेकची तार वर्षानुवर्षं ढिली असते. ती आजच आवळून घ्या.

कायदा काय म्हणतो?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बनवलेली छोटी जीप २०२१ साली देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, त्या बदल्यात बोलेरो दिली. पण तेव्हाच त्यांनी हेही लिहिलं होतं, की ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावरून थांबवली जाईल. कौतुक वेगळं, नोंदणी वेगळी.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. ८०० मध्ये तेराशे सीसीचं इंजिन बसवलं की सीसी बदलली, इंजिन नंबर बदलला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण करताना इंजिन नंबर तपासला जातो, तिथेही अडतं.

थकलेल्या इंजिनच्या जागी त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवायचं असेल तर आरटीओची मंजुरी घेऊन नवा नंबर आरसीवर चढवता येतो. त्यात एक्सलचा प्रश्नच येत नाही, कारण जुनेच एक्सल बसतात. मंजूर सीएनजी किटची वाटही वेगळी आणि खुली आहे.

मग मोठं इंजिन कुणासाठी? बंद ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी किंवा स्वतःच्या रानात, रस्त्यावर न येता चालणारं यंत्र, एवढ्यासाठीच. रानातल्या यंत्रात फिरता एक्सल उघडा ठेवू नका, वर पत्र्याचं झाकण हवंच. पीटीओ शाफ्टमध्ये उपरणं किंवा पदर अडकून काय होतं ते वेगळं सांगायला नको. आणि ट्रॅकवर असो की रानात, इंजिन मोठं केलं की ब्रेकही त्या तोलाचे करावे लागतात.

कामाला हात लावण्याआधी

१. गाडी रस्त्यावर चालवायची आहे का? मग त्याच प्रकारचं इंजिन आणि आधी आरटीओची मंजुरी.
२. दोन्ही टोकांचे दाते मोजा, व्यास मोजा, वहीत लिहा.
३. गिअरबॉक्सकडचं टोक गिअरबॉक्सचं, चाकाकडचं टोक चाकाचं.
४. लांबीचं माप गाडी चाकांवर उभी असताना. मग चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन पुन्हा.
५. दोन्ही टोकांना निदान पाच मिलिमीटर मोकळीक.
६. एक्सलला वेल्डिंग नाही म्हणजे नाही.
७. नवं सील, नवं लॉक, नवा बूट, सीव्हीचंच ग्रीस.
८. पहिले शंभर किलोमीटर एकट्याने आणि सावकाश, तेही ट्रॅकवर किंवा रानात. मग परत खाली झोपून बघा: ग्रीस उडालंय का, ऑइल गळतंय का, नट जागेवर आहे का.

इंजिन आणायला एक दिवस पुरतो. माप घ्यायला दोन दिवस लागले तरी चालतील.